गाठ दाबली की खोकला यायचा

जबड्याखाली, मानेच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ हाताला लागली, तेव्हा मी नागपूरच्या बसस्थानकावर घोषणा करायचे. उमरेड, कुही, पारशिवनी, दिवसभर माईकसमोर. गाठ दुखत नव्हती. पण दाबली की कोरडा खोकला यायचा, दर वेळी.

हे मी घराजवळच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगितलं. त्यांनी मानेला हात लावला न लावला आणि म्हणाले, "टीबीची गाठ आहे." सुईने नमुना काढला, त्यातून काहीच ठरलं नाही. तरी गोळ्या सुरू झाल्या.

घरात माझं ताट वेगळं झालं. सासूबाई म्हणाल्या, "पोरीले जवळ नको घेऊ वं, खोकून राहिली तू." मानेच्या गाठीचा टीबी ताटातून पसरत नाही, एवढं तरी डॉक्टरांनी घरच्यांना सांगायला हवं होतं. माझी मुलगी दाराशी उभी राहून माझ्याकडे बघायची. गोळ्यांनी अन्नावरची वासना गेली. गाठ मात्र वाढतच होती. डॉक्टरांना पुन्हा खोकल्याचं सांगितलं, तर उत्तर आलं, "मन शांत ठेवा. नेटवर वाचत बसू नका." मी नेटवर एक अक्षर वाचलं नव्हतं! माझ्याच मानेबद्दल बोलत होते मी.

शेवटी नवराच म्हणाला, "काहून सहन करून राहिली तू? दुसऱ्याले दाखवू."

मोठ्या दवाखान्यातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर माझ्याहून लहान होत्या. "तुम्हीच सांगा, काय होतं?" म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी गाठ दाबली, मला खोकला आला. थांबून पुन्हा दाबली, पुन्हा आला. मग त्यांनी ती हलवून पाहिली. आडवी हलत होती, वर-खाली नाही.

"ही टीबीची वाटत नाही. मेंदूकडून घशाकडे येणारी, आवाज चालवणारी एक नस असते, तिच्या आवरणातून वाढलीय बहुतेक. म्हणून दाबली की खोकला येतो."

एमआरआयमध्येही तेच दिसलं. कॅन्सर नव्हता. फार क्वचित होणारी, साधी गाठ. मला हायसं वाटायला हवं होतं. मी संतापाने रडले.

ऑपरेशन झालं. नस शक्य तेवढी वाचवली, पण आवाज बसला तो बरेच महिने. अजूनही वरच्या पट्टीत चिरकतो. माईक सुटला, आता मी पासच्या खिडकीवर बसते.

रिपोर्ट घेऊन मी पहिल्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "रेअर आहे हो हे. सहसा लक्षात येत नाही."

"येत नसेल. पण दाबलं की खोकला येतो, हे मी सांगितलं होतं ना?"

"पेशंट बरंच काही सांगतात."

रागावले की माझा आवाज आणखी फाटतो. तशा फाटक्या आवाजातच मी त्यांना सगळं सुनावलं. बाहेर बसलेले लोक दारातून डोकावू लागले, तरी थांबले नाही.