मागच्या म्हातारीच्या चालीनं

आमच्या ड्रमरच्या सासऱ्यांना एका जागी उभं करील असा माणूस वसई तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे. दात घासताना ते विहिरीभोवती फेऱ्या घालतात. फोन आला की बोलत बोलत शेजारच्या वाडीत शिरतात आणि हातात दुसऱ्याची पपई घेऊन परततात. ती आपल्या हातात आली कशी, हे त्यांना खरोखरच आठवत नाही, आणि आमच्या बँडच्या या नंदाखाल गावात आता त्यांना कोणी विचारतही नाही. बँकेत नोकरीला होते तेव्हा शिपायाला बसवून ठेवून स्वतःच फायली फिरवायचे; निवृत्तीच्या समारंभात त्यांच्यापेक्षा शिपायाचेच डोळे जास्त भरून आले म्हणतात. मेल्विननं, म्हणजे आमच्या ड्रमरनं, त्यांच्या मुलीला मागणी घातली तीही चालता चालताच. दोघं घरातून निघाले, चर्चला वळसा घातला, बाजारातून गेले, मेल्विनच्या नव्या बुटांनी टाचा सोलून काढल्या, आणि एसटीच्या थांब्याशी पोचल्यावर सासरे म्हणाले, "बरं. हो." तोवर आपण काय विचारलं होतं हेच विसरलो होतो, असं मेल्विन अजून सांगतो.

या दुखण्याचं मूळ त्यांच्या ट्रंपेटमध्ये आहे. तरुणपणापासून ते गावातल्या लग्नाच्या बँडमध्ये वाजवत आणि पुढे त्याचे मास्तर झाले. नोकरी बँकेतली असली तरी गाव त्यांना मास्तरच म्हणतं, आणि आम्हीही. इकडच्या ख्रिस्ती लग्नात आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जातात. बँड पुढे, बायका मागे. मास्तरांचा नियम एकच: ताल धरायचा तो सगळ्यांत मागच्या म्हातारीच्या पावलांचा. ती रेंगाळली की चाल संथ करायची, आणि ती दिसेनाशी झाली की जागच्या जागी पावलं टाकत तिची वाट बघायची. आयुष्यभर असं वाजवल्यावर त्यांचे पाय आणि त्यांची फुंकर यांची अशी काही गाठ पडली, की पाय थांबले की सूरच निघत नाही.

आमचा बँड रॉकचा. मी विरारला फ्लॅटमध्ये राहतो, आठवडाभर मुंबईतल्या एका ऑफिसात कोष्टकं भरतो, आणि बेस गिटार घेऊन रविवारसाठी जगतो. रविवारी आम्ही मास्तरांच्या वाडीत, केळीचे घड ठेवायच्या खोलीत, जमेल तितका मोठा आवाज करायचो. कोणी कोणाचं ऐकत नसे. ज्याचा आवाज कमी पडे तो आपला अ‍ॅम्प्लिफायर वाढवी. मग आमचा गायक कॅनडाला गेला, आणि लक्षात आलं की उरलेल्या तिघांकडे आवाज भरपूर आहे, गाणं मात्र नाही. त्याच्या जागी विरारच्याच मनवेलपाड्याची श्वेता आली. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात गाऊन तयार झालेली, तोंडावर बोलणारी मुलगी. पहिल्याच रविवारी म्हणाली, "तुमच्याबरोबर गायचं म्हणजे मिक्सर चालू असताना फोनवर बोलायचं, यार." पुढच्या रविवारी मास्तर ट्रंपेट वाजवत खोलीत शिरले, मागच्या दारानं बाहेर गेले, विहिरीपर्यंत जाऊन परत आले आणि म्हणाले, "मी पण येतो तुमच्यात. नाय म्हणायचं नाय, वाडी माझी हाय."

गावच्या सणाच्या कार्यक्रमात आम्हाला वाजवायला मिळालं, तेव्हा मी, मेल्विन आणि गिटारवाला सुनील यांनी ठरवून टाकलं होतं: हे फसलं तर बँड बंद. मेल्विनच्या बायकोनं तर ड्रमच्या जागी वॉशिंग मशीन ठेवायचं म्हणून मापंही घेतली होती. रविवार हातचा गेला तर माझ्याकडे उरणार होती ती नुसती कोष्टकं. सगळं अडलं होतं ते मास्तरांच्या माइकसमोर उभं राहण्यावर. मी स्टेजवर पिवळ्या चिकटपट्टीची फुली मारली आणि म्हणालो, "मास्तर, या फुलीवरून हलायचं नाही."

"नाय हलत, बाबा. मी काय लहान हाय?"

अर्धं गाणं ते टिकले. फुलीवर त्यांचे गुडघे वरखाली होत होते, ट्रंपेटमधून नुसती हवा येत होती, आणि खुर्च्यांवरचे लोक एकमेकांकडे बघू लागले होते. मग त्यांनी माझ्याकडे ओशाळं हसून पाहिलं आणि पायऱ्या उतरून चालू लागले. सूर लागला तो तेव्हा. पण माइक वर आणि मास्तर खाली, त्यामुळे आमच्या गोंगाटात ट्रंपेट पार बुडालं. श्वेतानं वळून दोन्ही तळवे खाली दाबत खूण केली. सुनीलनं गिटारचा आवाज उतरवला, मेल्विन काठ्या ठेवून नुसत्या हातांनी वाजवू लागला, मी दोन सुरांवर आलो. तेव्हा कुठे ट्रंपेट ऐकू आलं. आम्ही पहिल्यांदाच कोणाचं तरी ऐकत वाजवत होतो.

खरा घोटाळा पुढेच झाला. शेवटच्या रांगेतल्या लाल लुगड्यांतल्या म्हाताऱ्या उठल्या. ट्रंपेट चालायला लागलं की त्याच्या मागून जायचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. लग्न कोणाचं, हे त्या विचारत बसल्या नाहीत. त्यांच्यामागे सुना निघाल्या, सुनांमागे पोरं, आणि बघता बघता सगळं मैदान मास्तरांच्या मागून फाटकाबाहेर, विहिरीच्या दिशेनं चालू लागलं. आम्ही स्टेजवर वायरींना बांधलेले आणि समोर रिकाम्या खुर्च्या.

"थांबायचं का?" मी विचारलं.

"थांबू नको," श्वेता म्हणाली. "मग ते परत येणार कसे?"

लांबून येणारा तो सूर धरून आम्ही हळूहळू वाजवत राहिलो, आणि श्वेता शब्दांवाचूनच गात राहिली. मिरवणूक परतली तेव्हा सगळ्यांत मागे काठी टेकत येणारी एक आजी होती, आणि आमचं अख्खं गाणं तिच्या पावलांनी चाललं होतं. ती खुर्चीत बसली तेव्हाच मास्तरांनी ट्रंपेट खाली घेतलं. "लय वेळ लागला काय रे?" त्यांनी विचारलं. लोक उठून टाळ्या वाजवत होते.

मेल्विनच्या घरी वॉशिंग मशीन शेवटी मागच्या पडवीत गेलं. आता आम्हाला बोलावणी येतात ती त्याच संथ, मोकळ्या वाजवण्यासाठी. ही नवी शैली कशी सुचली, असं जाणकार विचारतात तेव्हा आम्ही गंभीर चेहरे करतो. एका माणसाला उभं राहता येईना, म्हणून आम्हाला ऐकता येऊ लागलं, हे कसं सांगायचं? मास्तरांचे माझ्यावर फार उपकार आहेत. ते बोलून दाखवायला जावं, तर माझं वाक्य संपेपर्यंत ते पेरूच्या झाडापलीकडे गेलेले असतात.

अलीकडे मात्र त्यांचे गुडघे कुरकुरतात. एका हातात ट्रंपेट, दुसऱ्या हातात काठी. घरापासून केळीच्या खोलीपर्यंतची वाट ते थांबत थांबत चालतात. गेल्या रविवारी मध्येच म्हणाले, "तुमी व्हा पुढे. मी येतो मागून." आम्ही कोणीच पुढे गेलो नाही. श्वेता उगाच केळीचं पान हाताळत राहिली, मेल्विन जागच्या जागी पावलं टाकत राहिला. त्यांचाच नियम आम्ही पाळतोय हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी डोळे पुसले आणि ते चालू लागले. आमचं ते गाणं दर कार्यक्रमात थोडं संथ होत चाललंय, असं ऐकणारे सांगतात. आम्ही ते दुरुस्त करणार नाही. आणखी कितीही संथ होऊ दे, थांबू नये एवढंच माझं मागणं आहे.