चाकं निवेपर्यंत

विमान उतरून जागेवर उभं राहिलं तसे सगळे बॅगा काढायला उठले. मी मात्र खिडकीतून, शेजारी नुकत्याच आलेल्या दुसऱ्या विमानाकडे बघत बसले. त्याच्या चाकापाशी एक माणूस समोरून बेताबेताने आला. हात न लावता त्याने तळवा नुसता चाकाजवळ धरला आणि मागे सरून उभा राहिला.

बाबा विमानतळावर हेच काम करायचे. म्हणायचे, "एवढं मोठं धूड थांबवायचं, तर सगळा ताप ब्रेक पोटात घेतात. आल्या आल्या हात लावायचा नाही, पाणी तर मुळीच ओतायचं नाही. निवू द्यायचं."

लग्न मोडून मी एक बॅग घेऊन घरी आले, तेव्हा आईच्या ओठांवर प्रश्नच प्रश्न होते. बाबांनी तिला खुणेनंच थांबवलं. तीन दिवस ते माझ्या खोलीत पेपर वाचत बसायचे, विचारायचे काहीच नाहीत. मला वाटलं, रागावलेत. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी ढसाढसा रडले.

तो हात तीन दिवस अगदी जवळ थांबून होता, हे मला आज कळलं.