काकूंच्या सुट्या बाह्या

काळाचौकीच्या आमच्या चाळीत बिनबाह्यांचा ब्लाउज घालणारी एकच बाई होती, आणि तेव्हा तिचं वय साठीला टेकलं होतं. शेजारच्या खोलीतल्या काकू. काळा ब्लाउज, खळ घातलेली सुती साडी आणि उघडे, सावळे दंड. मी संगमेश्वरकडच्या गावातून मामाकडे बी.ए.साठी आलेली, माझ्या बाह्या कोपराखाली. मला त्या दंडांचा हेवा वाटे. ते काही सुंदर नव्हते. एकावर देवीच्या लशीचे दोन मोठे वण होते. काकू तेही झाकत नसत, हेवा याचाच होता.

माझे इंग्रजी अर्ज तपासता तपासता त्यांनी एकदा त्या ब्लाउजची गोष्ट सांगितली. लग्नानंतर त्या दादरच्या एका ऑफिसात टायपिस्ट होत्या. तिथल्या मुली बिनबाह्यांचे ब्लाउज घालत, आणि चाळीत तर डोक्यावरचा पदर ढळलेला चालत नसे. काकूंनी बाह्यांना टिचबटणं लावली. घरून बाह्यांसकट निघायचं, ऑफिसात गेल्यावर त्या काढून डब्याच्या पिशवीत ठेवायच्या. वर्षभर कुणाला कळलं नाही. एका संध्याकाळी घाईत एकच बाही लावून त्या घरी आल्या. दारात सासरे, गिरणीच्या माग खात्यातले साचेवाले.

"ते म्हणाले, 'दुसरी पण काढ. अर्धवट काम आमच्या खात्यात चलना नाय!'" काकू हसून म्हणाल्या.

मी हसले, पण आतून जळले. माझे वडील, आबा, जिवापाड माया करणारे. घरातली पहिली पदवीधर म्हणून सगळ्या गावात त्यांनी पेढे वाटले. पण पदवीचा फोटो काढताना पुढे येऊन त्यांनी आधी माझी ओढणी सारखी केली होती.

मग फुग्यांच्या बाह्या आल्या, कोपरापर्यंतच्या आल्या, गेल्या. काकूंनी काही बदललं नाही. "फॅशन फिरून फिरून माझ्याच दारात येते गो. मी कशाला धावू तिच्यामागे?" आता तर कॉलेजच्या मुली त्यांच्याबरोबर फोटो काढून घेत. मी बाजूला उभी राहून फोन धरायची.

गेल्या वर्षी काकू मुलाकडे राहायला निघाल्या. तो काळा ब्लाउज मी मनात केव्हाच माझा धरला होता. वीस वर्षं रविवारची भाजी मी आणून देत होते. काकूंनी तो माझ्यादेखत माझ्या मामेबहिणीला दिला. पल्लवीला! तिनं कधी त्यांना कोथिंबिरीची जुडी आणून दिली नव्हती.

"काकू, मला का नाही?" मी न राहवून विचारलं.

"तू कपाटात जपून ठेवशील. ही घालेल." मग त्यांनी माझ्या हातात त्या दोन बाह्या ठेवल्या. टिचबटणं गंजली होती. "या तुला. जपून ठेवायला."

पल्लवी खो खो हसली. मी आठवडाभर काकूंना फोन केला नाही.

पुढच्या शनिवारी काळं कापड घेऊन लालबागच्या शिंप्याकडे गेले.

"बाही किती, ताई?"

"नको."

त्यानं मापाच्या वहीतून मान वर केली. "मग बाह्यांचं कापड आत ठेवतो. पुढेमागे लावावीशी वाटली तर?"

'ठेवा' असं अगदी ओठांवर आलं होतं.

"कापून टाका," मी म्हणाले.