गोळ्यांचे नमुने

माझी आत्या रंगाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तपासनीस होती. प्रत्येक बॅचमधून ती तीन नमुने काढायची: पहिल्या डब्यातला, मधल्या डब्यातला आणि शेवटच्या डब्यातला. बाटलीत भरून, चिठ्ठी डकवून फळीवर ठेवायची. वर्षभराने कुणी भांडत आलं की बाटली पुढे करायची. कारखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणायचे, आणि तेही तोंडावर, कारण पाठीमागे म्हटलेलं तिला कळायचंच. घरी माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, "चहात साखर घातलीय" म्हटलं, तरी ती आधी चमचा ओला आहे का ते बघायची.

चार वर्षांपूर्वी तिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. दर तीन आठवड्यांचं इंजेक्शन ती निमूट घेत होती. यंदा डोकं दुखायला लागलं आणि स्कॅनमध्ये कॅन्सर मेंदूत पोचलेला दिसला. रेडिएशन झालं. मग डॉक्टरांनी इंजेक्शनाच्या जोडीला गोळ्या दिल्या, सकाळी दोन, संध्याकाळी दोन.

"एवढी इंजेक्शनं घेतली, ती मेंदूत का नाही गेली?" आत्याने विचारलं.

"मेंदूकडच्या रक्तवाहिन्या बारीक गाळणीसारख्या असतात," डॉक्टर म्हणाल्या. "इंजेक्शनातले रेणू मोठे, बहुतेक बाहेरच अडतात. गोळीतले छोटे, ते आत शिरतात."

"शिरले हे बघितलं कुणी?"

"दोन महिन्यांनी स्कॅनमध्ये आपणच बघू."

बाहेर आल्यावर आत्या मला म्हणाली, "उत्तर पाठ होतं गं तिचं."

दोन महिन्यांनी स्कॅन झाला. निकाल ऐकायला जायच्या दिवशी सकाळी मी जुना रिपोर्ट शोधत होते, तेव्हा तिच्या कपाटात साड्यांमागे बाटल्या सापडल्या. प्रत्येकीवर गोळ्यांच्या पट्टीचा बॅच नंबर, उघडल्याची तारीख, आणि आत तीन गोळ्या.

"आत्या, हे काय?"

"कपाट कुणाला विचारून उघडलंस?"

"दहाच्या पट्टीतल्या तीन गोळ्या तू घेतच नव्हतीस?"

"उद्या औषध खोटं निघालं तर माझ्याकडे पुरावा नको? डॉक्टरसमोर तोंड उघडलंस तर बघ."

डॉक्टरांनी स्कॅन पुन्हा एकदा न्याहाळला. "मोठी गाठ थोडी वाढलीय. म्हणजे या गोळ्यांचा उपयोग होत नाहीये. त्या बंद करून दुसरं औषध देऊ, शिरेतून. तेही मेंदूतल्या गाठींवर काम करतं." आणि त्यांनी पेन उचललं.

अशी औषधं असून असून किती? त्यातलं एक आम्ही नीट न घेताच बाद करत होतो.

"आत्या, सांग ना त्यांना."

"तू आधी सांग. गाठी किती आहेत?"

मी डॉक्टरांकडे बघितलं.

"तू नि तुझ्या बापाने मला दोन सांगितल्या. रिपोर्टात तीन आहेत. मला वाचता येतं, हे विसरलात वाटतं? गाठी मोजताना जे खोटं बोलतात, त्यांनी आणलेली गोळी मी खरी कशी धरू?"

"तीन," मी म्हटलं. "तिसरी अवघड जागी आहे. तू खचशील असं बाबा म्हणाले, आणि मी मान डोलावली."

आत्याने पिशवीतून बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. मला गप्प राहायला सांगणारी ही बाई त्या बरोबर घेऊनच निघाली होती.

सगळं ऐकून डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही तर मलाच फसवलंत. एवढ्या गोळ्या चुकल्या असतील तर औषध चालत नाही असं मी म्हणू शकत नाही, आणि चालतं असंही नाही. सहा आठवडे एकही न चुकवता घ्या, मग पुन्हा स्कॅन. मध्येच डोकं फार दुखलं, उलट्या झाल्या, फिट आली, तर त्याच दिवशी या. दुसरं औषध हाताशी आहेच."

"आणि पुढचा रिपोर्ट कुणाच्या हातात देणार?" आत्याने माझ्याकडे हनुवटी उडवली.

"तुमच्या. आधी तुमच्याच," डॉक्टर म्हणाल्या.

"बघू." तिने खुर्ची पुढे ओढली. "तो स्क्रीन जरा इकडे फिरवा. आणि मला ती तिसरी दाखवा."