वेरूळच्या वाटेवर मायचा हात

घरात कोणी प्रवासाला निघालं की पोरं मला गराडा घालतात. उलाळलेल्या गाडीची गोष्ट हवी असते त्यांना. मी सांगते. आत्या गाडीतून कशी मागं घरंगळली, तिचे दोन्ही पाय आभाळाकडं, डोक्यावर कडब्याची पेंढी, आणि तशातही ती आबांना कशी शिव्या घालत होती. पोरं हसून लोळतात, आणि मी तिथंच थांबते. लिहायला बसलं की मात्र असं निम्म्यात थांबता येत नाही.

चारठाण्याजवळ आमचं गाव. निजामाचं राज्य होतं तेव्हा. मायचं माहेर चारठाण्याचंच. तिथल्या जुन्या देवळांच्या खांबांमध्ये लपाछपी खेळत ती वाढली. लहानपणी तिला कोण्या गोसाव्यानं सांगितलं होतं की वेरूळला अख्ख्या डोंगरात एक देऊळ कोरलंय, आणि कोरणाऱ्यांनी कळस आधी केला, पायथा शेवटी. तेव्हापासून तिनं ते डोक्यात घेतलं होतं. "आदी कळस कसा करतेत वो?" असं ती आबांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी विचारून बसली. आबा म्हणाले, "पुढल्या साली जाऊ, तूच बघ."

पुढलं साल काही येईना. कधी गाय वेणार, कधी माय बाळंत होणार, कधी पाऊस नाही, कधी फार झाला. मधल्या काळात माय गावाबाहेर पडली ती कोणाच्या तरी लग्नाला नाहीतर मयतीला. उगीच, काही कारण नसताना, ती कुठंच गेली नाही. म्हणून त्या चैत्रात आबांनी खरोखरच जायचं ठरवलं तेव्हा गावातल्या बायांना ते समजेनाच.

"नवस केलाता काय गं?"

"न्हाई."

"मंग कशाला चाललाव येवढ्या लांब?"

"बघायला," माय म्हणायची आणि लाजायची.

बघायला जाण्यासाठी तिनं बाजारात कासाराकडून हिरवा चुडा भरून घेतला. दोन्ही हातांत गच्च.

निघणार होतो चौघं. आबा, माय, मी आणि आत्या. आत्या आबांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडं राहिलेली. अंगानं भरभक्कम, तोंडानं त्याहून. माझा थोरला भाऊ, दादा, जनावरांपाशी घरीच राहिला. रेल्वेनं जा, असं कोणीतरी सुचवलं होतं, पण आधी परभणीपर्यंत उलटं जायचं आणि मग रेलनं सुलटं यायचं, हे आबांना पटलं नाही. बैलगाडी भरली. आबांनी पिठाची पोती, कडबा, भांडी, सगळं मागं रचलं, पुढं बसायला ऐसपैस व्हावं म्हणून. बैल अजून जुंपायचे होते, जू नुसतं दगडावर टेकवलेलं. तेवढ्यात आत्या म्हणाली, "मी बसून घेते बाबा, मला उशीर लागतो," आणि मागच्या बाजूनं चढली.

जू वर गेलं, गाडीची मागची बाजू खाली आली, आणि आत्या पेंढ्यांसकट ओसंडली. मागं माय घागर घेऊन उभी होती. तिनं आत्याला सावरायला हात पुढं केला. खाली गुरांना पाणी पाजायची दगडी डोण होती. गाडीची फळी आणि डोण यांच्यामध्ये मायचं उजवं मनगट आलं.

शेजाऱ्यांनी पुढून जू दाबलं, गाडी सरळ झाली. सगळी आळी हसत होती. सगळ्यात मोठ्यानं मी. अकरा वर्षांची, गोलमटोल, दशम्यांची टोपली मांडीवर घेऊन हसत होते. आत्या लुगडं झटकत आबांना म्हणाली, "मेल्या, गाडी भरायलास का मला फेकायलास?" मायही हसली. तिचा उजवा हात पदरात होता.

"लागलं का गं?" आबांनी विचारलं.

"न्हाई वो. बांगडी बी तडकली न्हाई."

ती खोटं बोलत नव्हती. कामासाठी बांगड्या तिनं कोपराकडं सारल्या होत्या, म्हणून एकही फुटली नाही. आबांनी तो चांगला शकुन धरला, बैल जुंपले आणि गाडी निघाली.

पहिल्या मुक्कामाला, एका ओढ्याकाठी, चूल मांडली तेव्हा माय पिठाच्या जवळसुद्धा गेली नाही. झाडाला टेकून बसली आणि म्हणाली, "मी बी सहलीलाच आल्ये. भाकरी आज तुमी करा."

आबांना केवढा आनंद झाला. "करा गं करा! मालकीणबाई सहलीला आल्यात!"

आत्या धुसफुसली. तिनं चूल सांभाळली आणि भाकऱ्या माझ्यावर टाकल्या. मी जी पहिली भाकर तव्यावर टाकली तिला तीन कोपरे होते आणि एक शेपूट. आबांनी ती हातात धरून निरखली. "ह्यो कोन्त्या तालुक्याचा नकाशा म्हणायचा?" मी रुसले. दुसरी केली, ती पहिलीच्याही वरताण निघाली. माय डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती. आम्हाला वाटलं, हसण्यानंच येतंय.

दुसऱ्या दिवशी मंठ्याच्या अलीकडं जेवायला बसलो. आत्यानं पाहिलं की माय पाठमोरी बसून डाव्या हातानं जेवतेय. आमच्याकडं डाव्या हातानं कोणी घास घेत नाही, तान्ह्या पोरालासुद्धा त्यावरून फटका बसतो. आत्या उठली, मायच्या पुढ्यात जाऊन बसली आणि पदर बाजूला केला.

मनगट कुठं संपतं आणि हात कुठं लागतो ते कळत नव्हतं. सूज वर चढत बांगड्यांपर्यंत गेली होती. हिरवा चुडा मांसात रुतून बसला होता आणि बोटं निळसर झाली होती.

"कवापासनं?" आत्यानं विचारलं.

"त्यांना सांगू नका वन्सं. गाडी माघारी फिरवतील."

आत्यानं सांगितलं. आबा हातातली भाकर टाकून आले. तेलाचा हात लावून त्यांनी बांगड्या सरकवून पाहिल्या. एकही हलेना, आणि मायच्या तोंडून आवाज निघाला.

"बांगड्या फोड," आत्या म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. हात मोकळा कर तिचा. चुड्याच्या जागी हळकुंड बांधू, दोरा बांधू, काय व्हत न्हाई—"

"अक्का!" आबा ओरडले. मोठ्या बहिणीवर त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "तू म्हणायलीस हे? तू?"

तेवढ्यावरून सगळ्यांना कळलं. नवरा समोर धडधाकट बसलेला असताना बायकोच्या बांगड्या फोडा म्हणायचं, आणि तेही आत्यानं, जिच्या स्वतःच्या फोडल्या गेल्या तेव्हा ती माझ्याहून थोडीच मोठी होती. दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर कदाचित आबांनी विचार केला असता. हळकुंडाचं तर कोणी ऐकलंसुद्धा नाही.

आत्या आपल्या मोकळ्या हातांकडं बघत राहिली, मग तिनं ते पदराखाली घेतले.

"माझ्या बांगड्यांना कोनी हात लावायचा न्हाई," माय म्हणाली. "दोन दिसांत सूज उतरंल. चला तुमी."

मंठ्यात हाड बसवणारा एक म्हातारा होता. त्यानंही बांगड्यांकडं बोट केलं. आबांनी मान हलवली. म्हाताऱ्यानं मग बांगड्यांच्या खाली बांबूच्या कामट्या बांधल्या, वर पाला बांधला आणि जालन्याच्या दवाखान्यात न्या म्हणाला. जालना वेरूळच्याच वाटेवर. त्यामुळं माय खूश. माघारी फिरायचं नव्हतं ना!

तिथून पुढची वाट मला नीट आठवत नाही. मायला ताप भरला. आत्या तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि आबांशी एक शब्द बोलली नाही. आबा बैलांना कधी मारत नसत, त्या वाटेवर मारत होते. माय मधूनच शुद्धीत येऊन विचारायची, "डोंगर दिसायला का?" आणि मी म्हणायची, "आत्ता दिसंल."

जालन्याचा डॉक्टर हैदराबादकडचा होता. त्यानं हात पाहिला आणि आधी आबांकडं, मग मायकडं पाहिलं.

"अम्मा, हात होना के चूड़ियाँ?"

हात हवा की बांगड्या, एवढी उर्दू मायला कळायची. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "दोनी."

डॉक्टर हसला नाही. आबा उठून बाहेर गेले. मला आत्यानं दारात थांबवलं, पण काच फुटल्याचा बारीक आवाज ऐकू येत राहिला, थांबून थांबून. बाहेर आबा भिंतीकडं तोंड करून उभे होते.

हात वाचला. बोटं मात्र अर्धी मिटलेलीच राहिली. आणखी लवकर आणलं असतं तर, असं काहीतरी डॉक्टर उर्दूत बोलत होता. आबांना ते सगळं कळत होतं, तरी ते "समजा नहीं साब" म्हणत राहिले.

ताप उतरल्यावर आबा मायच्या खाटेशी बसले. त्यांनी सगळी तयारी करून ठेवली होती. गाडीत जास्तीचा कडबा अंथरला होता, वर गोधडी घातली होती.

"हळूहळू नेतो," ते म्हणाले. "आता लय लांब न्हाई. दिवसाकाठी दोन कोस गेलो तरी चालंल. तुला उचलून दाखवतो देऊळ."

मायनं आपल्या हाताकडं पाहिलं. उजव्या हाताला पट्टी होती आणि पट्टीच्या वर काही नव्हतं. आत्यानं दंडाला पिवळा दोरा बांधला होता.

"तिथं देव बी हाय ना," ती शेवटी म्हणाली. "असा मोकळा हात घेऊन मी जायची न्हाई. लोक काय म्हनतील तुमाला? घरी चला."

"पुढल्या साली," आबा म्हणाले.

"हां," माय म्हणाली.

गाडी माघारी वळवली. बैलांना घराची वाट कळते. येताना कुरकुरणारे ते, न हाकता भराभर चालायला लागले. आबा कासरे धरून बसले होते, पण बैलांना हळू चला म्हणायचा धीर कोणाला झाला नाही. मी पुढं आबांजवळ. माय मागं आत्याजवळ बसली, आणि मागं बसणाऱ्याचं तोंड आपोआपच आलेल्या दिशेला असतं. औरंगाबादेकडं, वेरूळकडं जाणारा रस्ता तिच्यासमोर लांब होत चालला होता. ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं.

"इकडं वळून बस गं," आत्या म्हणाली. "ऊन लागायलंय."

"लागू द्या, वन्सं," माय म्हणाली.