मराठीत माग

पोलिसांनी आमची पालं पेटवली आणि बापाला धरून नेलं. आई आधीच गेलेली. पारध्याच्या दोन तरण्या पोरी, मी आणि धाकटी बहीण, उघड्यावर पडलो. एका शाळामास्तरांनी आम्हाला कोल्हापुरातल्या निराधार बायकांच्या आश्रमात आणून सोडलं.

तिथं छप्पर होतं, भात होता आणि व्यवस्थापक बाई होत्या. आल्या आल्या त्यांनी आमची बोचकी सगळ्यांदेखत उलटी केली. "चोरांची जात आहे, लक्ष ठेवा," स्वयंपाकिणीला म्हणाल्या, आमच्या तोंडावर. आम्ही आमच्या बोलीत बोललो की ओरडायच्या, "काय शिजतंय गं? मराठीत बोला!"

पुढं बहिणीला ताप भरला. ग्लानीत ती आमच्या बोलीत पाणी मागत होती. बाई तांब्या घेऊन उशाशी उभ्या. "मराठीत माग, मग देते."

मी तांब्या हिसकावला. त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. मीही मारली. त्याचं वाईट तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. बोचक्यांसकट आम्हाला फाटकाबाहेर काढलं.

स्टँडवर कुरुंदवाडच्या गाडीसाठी एक मुसलमान म्हातारी बसली होती, गोधड्या शिवणारी. तिनं बहिणीच्या कपाळाला हात लावला.

"कुणाच्या गं तुमी?"

"पारधी हाय," मी भांडायच्या सुरात म्हणाले.

"आसशील. पोरगी तापानं भाजायलीया. उचल माझं गठुडं, चल."

घरी पोचल्यावर तिनं विचारलं, "तुमच्यात काय चालतं, काय न्हाय?" हे आम्हाला तोवर कुणी विचारलं नव्हतं.

"आमचं आमी रांधतो," मी म्हणाले.

"मग परसात चूल मांडा की."

गल्ली पेटली. शेजारीण दारात येऊन किंचाळली, "पारधी घरात घेतल्यास? उद्या आमची घरं फुटतील!"

"तुझ्या घरात फोडण्याजोगं हाय तरी काय?" म्हातारी म्हणाली.

बायकांनी तिच्याकडं गोधड्या टाकणं बंद केलं. "तुमच्यापायी धंदा बसला माझा," असं ती आम्हाला सुनवायची आणि सुई हातात द्यायची.

बाप सुटून आम्हाला शोधत आला तो दारातच उभा राहिला. मुसलमानाच्या घरात राहिलो म्हणून आम्हाला शिव्या घातल्या. "निघा!"

"पोरींस्नी इचार की," म्हातारी आतूनच म्हणाली.

बहीण रडत त्याच्यामागून गेली. मी गेले नाही. बाप जाताना उंबऱ्यावर थुंकला. मी पाणी ओतून उंबरा धुतला आणि गोधडी पुढं ओढली.