डेअरीतल्या मशीनचे तोतये

"मशीन कशाला खोटं बोलंल?" हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. ज्यांनी मशीनच्या पोटात कधी डोकावलं नाही, नेमके तेच हे म्हणतात. आमच्या ईट गावच्या डेअरीत दुधाची पावती काढणारा प्रोग्राम मी लिहिलाय. त्यामुळे भर रांगेत काकूंना हे वाक्य ऐकवलं गेलं तेव्हा लाज त्यांना वाटायच्या आधी मलाच वाटली.

काकू आमच्या आळीतल्या. एकट्या राहतात, दोन म्हशी, गुडघे पार गेलेले. पण त्यांच्या दुधाला गावात मान होता. खव्याच्या भट्टीवाले डेअरीत येऊन विचारायचे, काकूंचं दूध आलं का म्हणून. आणि आता त्याच काकूंच्या पावतीवर मधूनमधून गाईच्या दुधाइतकं फॅट यायला लागलं होतं. म्हशीच्या दुधाला एवढं कमी फॅट आलं की गावात त्याचा एकच अर्थ होतो: पाणी.

काकूंनी भांडून पुन्हा तपासायला लावलं की आकडा बरोबर यायचा. त्यानं तर जास्तच वाटोळं झालं. आमचे चेअरमन सकाळी स्वतः मशीनवर बसतात. ते म्हणाले, "तपासतो म्हटलं की बराबर येतंय, एरवी न्हाय. म्हंजी काय ते तुमीच समजा काकू. मशीन कशाला खोटं बोलंल? ह्यो महिना संपला की तुमचं दूध बंद."

काकू रांगेसमोर ताठ उभ्या राहिल्या. "चेअरमन, माझ्या म्हशी गेल्या तरी चालतील, पर पाणीवाली म्हणून मला मरायचं न्हाय." एवढं बोलून त्यांनी किटली उचलली आणि लंगडत घरी गेल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

माझ्याच प्रोग्राममध्ये काहीतरी चुकतंय, याची मला खात्री होती. पण ते सापडणार कसं? डेअरीतलं काम सोपं आहे. दुधाचा थोडा नमुना फॅटच्या मशीनला लावायचा. मशीन मिनिटभर घुरघुरतं आणि आकडा पाठवतं. तोवर दूध काट्यावर चढतं, चेअरमन ज्याचा त्याचा नंबर दाबतात आणि पावती निघते. दूध येतं तेव्हा मशीनला उसंत नसते आणि दूध संपलं की चेअरमन ते धुऊन, पुसून कुलपात ठेवतात. मी म्हटलं, "काका, एक दिवस मशीन घरी नेऊ का? तपासून आणून देते."

"घरी न्यायला त्यो काय पाटा-वरवंटा हाय व्हय?" ते म्हणाले. विषय संपला.

मग मी ठरवलं, खरं मशीन मिळत नाही तर तोतया उभा करायचा. आमच्या धंद्यात हे नेहमीचंच आहे. प्रोग्रामचा एकेक तुकडा सुटा काढून त्याची परीक्षा घ्यायची, तिला युनिट टेस्ट म्हणतात. त्या तुकड्याला ज्या खऱ्या वस्तूंची गरज पडते त्यांच्या जागी खोट्या वस्तू बसवायच्या, ते मॉकिंग. आणि अशा खोट्या वस्तू हव्या तेव्हा, हव्या तशा घडवून देणारी चौकट म्हणजे मॉकिंग फ्रेमवर्क. तयार चौकटी ढीगभर मिळतात. पुण्यात नोकरीला होते तेव्हा मी त्याच वापरायचे. इथंही आधी एक आणून बसवली, पण तिच्यातले तोतये भलतेच सभ्य. विचारलं की लगेच उत्तर देणार, नाही विचारलं तर गप्प. आमचं फॅटचं मशीन असलं नाही. त्याला कुणी विचारत नाही, ते आपल्या सवडीनं बोलतं. त्या चौकटीला हे शिकवता शिकवता मीच रडकुंडीला आले. शेवटी चिडून ती काढून टाकली आणि स्वतःची लिहायला बसले.

आईनं चहा आणून ठेवला आणि विचारलं, "काय करायलीस गं दिवसभर?"

"खोटं मशीन करायलेय. त्याच्यात खोटं दूध घालून बघायचं."

"खोट्या मशीनीत खोटं दूध," आई म्हणाली, "आन त्यातनं खरं कसं निघायचं?" मला हसू आलं आणि थोडा रागही, कारण प्रश्न अगदी रास्त होता.

तरी चौकट उभी राहिली. माझ्या तोतया काट्याला सांगितलं की अमुक वजन कळव, तर तो तेवढंच कळवायचा. तोतया मशीनला सांगितलं की नमुना लागल्यावर थोडं थांबून आकडा पाठव, तर ते थांबून पाठवायचं. तोतया प्रिंटर सगळ्यात गुणी. कुणाच्या नावानं काय छापायला सांगितलं हे तो लक्षात ठेवायचा आणि भलतंच छापायला आलं की लगेच बोंब मारायचा. हे तिघं पहिल्यांदा एकमेकांशी नीट बोलले तेव्हा मी खुर्चीवरून उठून खोलीत एक फेरी मारली. स्वतःच्या हातानं बनवलेली वस्तू चालताना बघणं हे सुख मला अजून दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

पण टेस्ट सगळ्या हिरव्या. म्हणजे सगळं बरोबर. काकूंची टेस्ट हिरवी, आमच्या गाईची हिरवी, दूध सांडलं, वीज गेली, नंबर चुकला, सगळं हिरवंगार. आणि तिकडे डेअरीत काकूंना पुन्हा गाईइतकं फॅट. चेअरमननी मला दारातच विचारलं, "सापडलं का काय?" मी नाही म्हणून मान हलवली. "सापडणार न्हायच," ते म्हणाले आणि आत गेले. महिना संपत आला होता. मला माझ्या त्या हिरव्या रंगाचा एवढा संताप आला की लॅपटॉप झाकून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं किटली माझ्या हातात दिली. आमच्या गाईचं दूध घालायला एरवी आईच जाते. त्यातून त्या दिवसांत तर ती मोठ्या तोऱ्यात जायची, कारण आमच्या गाईला अधूनमधून चक्क म्हशीइतकं फॅट येत होतं. ही सगळी सरकीच्या पेंडेची करामत, असं आई आळीभर सांगत होती. आणि शेजारणीही पेंड कुठून आणली ते विचारायला येत होत्या. कमी आकडा आला की माणूस चोर ठरतो, जास्त आला की हुशार ठरतो. तपास फक्त चोराचा होतो. यातलं काहीही तेव्हा मला सुचलं नव्हतं, सकाळची झोप उडालेली नव्हती इतकंच.

माझा नंबर आला. आमच्या दुधाचा नमुना मशीनला लागला आणि मशीन घुरघुरायला लागलं. तेवढ्यात काकू आल्या, एका हातात किटली, दुसरा हात गुडघ्यावर. आमच्याकडे वडीलधारं माणूस मागं उभं असताना आपण पुढं दूध घालत नाही. कुणी शिकवावं लागत नाही, पाय आपोआप बाजूला होतात. मी किटली काट्यावरून खाली घेतली आणि म्हटलं, "काकू, तुमी घाला आधी."

"लई गुणाची हाईस," काकू म्हणाल्या. चेअरमननी त्यांचा नंबर दाबला, काकूंची किटली काट्यावर चढली. आणि मशीननं आकडा पाठवला. आमच्या गाईचा. काकूंच्या नावावर.

मी तिथंच उभ्या उभ्या ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. काकूंनी दचकून माझा दंड धरला. सगळी रांग माझ्याकडे बघत होती आणि मला त्या सगळ्यांना एकदम मिठी मारावीशी वाटत होती. काकूंचे गुडघे दुखतात म्हणून सगळं गाव त्यांना पुढं सोडत होतं, आणि जो पुढं सोडायचा त्याच्या दुधाचं फॅट काकूंना चिकटायचं. मग काकूंचं फॅट त्या सोडणाऱ्याला. पुन्हा तपासताना मधे कुणीच नसायचं, म्हणून तेव्हा आकडा बरोबर यायचा. गावानं त्यांना मान दिला आणि मानापायीच त्यांच्यावर आळ आला. माझे तोतये मात्र एकमेकांना कधी पुढं जाऊ देत नव्हते. मी त्यांना रांग शिकवली होती, रीत शिकवली नव्हती.

घरी येऊन मी किटली दारात ठेवली आणि थेट खोलीत गेले. चौकटीला एकच नवी गोष्ट शिकवायची होती. नमुना, किटली, नंबर, आकडा हे सगळं तिच्या हातात द्यायचं आणि तिनं ते आपणहून पुढंमागं करून बघायचं, जितक्या तऱ्हा होतील तितक्या. कोण कुणाला पुढं सोडेल ते मी ठरवायचं नाही, तिनंच सगळं करून बघायचं. लिहून झालं, चालवलं, आणि पडद्यावर लालभडक ओळ आली. तोतया प्रिंटर बोंबलत होता की म्हशीच्या नावावर गाईचं फॅट छापायला आलंय. चूक लाल रंगात समोर दिसल्यावर एवढा आनंद होतो हे बाहेरच्या माणसाला पटायचं नाही. मी आईला हाक मारली आणि ती हात पुसत धावत आली.

"बघ, खोट्यातनं खरं निघालं!"

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हंजी आपल्या गाईचं फॅट..."

"काकूंच्या म्हशीचं." पेंडेबद्दल आई पुन्हा कधी बोलली नाही.

दुरुस्ती छोटीशी निघाली. नमुना लावतानाच त्याचा नंबर दाबायचा आणि आकडा त्या नंबरालाच बांधून ठेवायचा. मग काट्यावर मधेच कुणीही येवो. चौकटीनं पुन्हा सगळ्या तऱ्हा उलटसुलट करून बघितल्या आणि या वेळचा हिरवा मी मनापासून मानला.

सकाळी नवा प्रोग्राम बसवला आणि चेअरमनना नमुन्यालाच नंबर दाबायला सांगितलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण दाबला. मी मुद्दाम गाईचं दूध घेऊन पुढं उभी राहिले आणि नमुना लागल्यावर काकूंना पुढं केलं. मशीन घुरघुरलं, आकडा आला, तो आमच्या नावावर जाऊन थांबला. मग काकूंचा नमुना. पावती निघाली. चेअरमननी ती डोळ्यांपाशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. मी रांगेतल्या मागच्या दोघांना आणखी पुढंमागं केलं. प्रत्येकाचं फॅट ज्याचं त्यालाच.

चेअरमननी पावती टेबलावर ठेवली. तसा माणूस वाईट नाही, आणि चार लोकांत बोललेलं चार लोकांतच फेडावं लागतं हे त्याला कळतं. त्यांनी उठून डेअरीच्या स्पीकरचं बटण दाबलं, घसा खाकरला आणि सगळ्या ईटला ऐकू जाईल असं म्हणाले, "समद्यांनी ऐका. काकूंच्या दुधात पाणी न्हवतं. चूक डेअरीची झाली. काकूंचं दूध चालू हाय."

रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि मान वर केली.

"चेअरमन," त्या म्हणाल्या, "वारं उलटं हाय. खालच्या आळीला ऐकू गेलं नसंल. आणिक एकदा म्हणा."

आणि चेअरमन आणखी एकदा म्हणाले.